पाय कुठे आहेत? शरीर हरवलेल्या दोघांच्या दोन गोष्टी

ती सत्तावीस वर्षांची. कॉम्प्युटर प्रोग्रामर. घरूनच काम करणारी, दोन लहान मुलांची आई. हॉकी खेळणारी, घोडेस्वारी करणारी, धडधाकट. पित्ताशयात खडे निघाले म्हणून ती हॉस्पिटलात दाखल होते. साधंच ऑपरेशन. आदल्या दिवशी तिला स्वप्न पडतं, की आपला तोल जातोय, पायांखाली जमीन लागत नाही, हातातल्या वस्तू निसटतायत. काही तासांत ते स्वप्न खरं होतं. उभं राहायचं तर स्वतःच्या पायांकडे बघत राहावं लागतं. नजर हटली की हात भलतीकडे भरकटतात.

ही ऑलिव्हर सॅक्सची क्रिस्टिना. त्याच्या १९८५ सालच्या ‘द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट’ या पुस्तकातल्या ‘द डिसएम्बॉडीड लेडी’ या प्रकरणाची नायिका. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही सत्तावीसची होते, प्रोग्रामर होते आणि बाणेरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून घरूनच काम करत होते. साहजिकच हादरले. दोन दिवस चहाचा कप उचलतानासुद्धा हाताकडे बघत होते. भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटले होते. एका मित्रानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ती पुढे स्वयंपाक कसा करायची?”

मला सांगता येईना. पुस्तक पुन्हा उघडलं. उत्तराचे तुकडे होते. ती काटा-सुरी इतकी घट्ट धरते की बोटांची टोकं पांढरी पडतात, असं सॅक्स लिहितो. पण गोष्टीचा जीव तिथे नव्हता. तो कुठे होता आणि तिथेच का होता, हे शोधताना मी दुसऱ्या एका पुस्तकापाशी पोचले. जोनाथन कोल या डॉक्टरचं ‘प्राइड अँड अ डेली मॅरेथॉन’, १९९१ सालचं. हरवलेली गोष्ट दोन्हीकडे जवळपास तीच. सांगण्याची रीत मात्र इतकी वेगळी, की दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचल्यावर मला माझ्याच घरातली एक चूक दिसली. तिच्याकडे शेवटी येते.

आधी, हरवलं काय ते नीट बघू.

तुम्ही हा लेख बहुधा फोनवर वाचताय. अंगठा स्क्रीनवर सरकतोय, पण तुम्ही अंगठ्याकडे बघत नाही. फोन निसटू नये इतपत दाब बोटं देतायत, पण तो किती द्यायचा हे तुम्ही ठरवलेलं नाही. आता डोळे मिटा आणि नाकाच्या शेंड्याला बोट लावा. लागलं ना? नाक कुठे आहे आणि बोट कुठे आहे हे न बघता कळलं कसं?

स्नायूंच्या आत स्पिंडल नावाचे बारीक अवयव असतात. स्नायू किती लांबला आणि किती वेगानं लांबला, हे ते सतत कळवत असतात. स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या कंडरेत ओढ मोजणारे वेगळे अवयव असतात. त्वचेत दाबासाठी, कंपासाठी, घसरणीसाठी, ताणासाठी निरनिराळे. ही सगळी खबर जाडसर, मायलिनचं वेष्टण असलेल्या तंतूंमधून सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून अधिक वेगानं मज्जारज्जूकडे जाते. वेदनेची आणि गरम-थंडाची खबर मात्र बारीक तंतूंमधून जाते, पुष्कळ सावकाश. दोन्ही वाटा वेगळ्या असल्यामुळे एक उद्ध्वस्त होऊनही दुसरी शाबूत राहू शकते. आणि मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणारे तंतू तर आणखी वेगळे. म्हणजे हुकूम जातोय, स्नायू हलतोय, पण हात आत्ता कुठे आहे याची उलट खबर येत नाही, अशी अवस्था येऊ शकते. तो लकवा नव्हे. ताकद तशीच असते, पत्ता हरवलेला असतो.

या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव चार्ल्स शेरिंग्टननं १९०६ साली दिलं. पेशीवर ताण आल्यावर उघडणारं जे प्रथिनाचं दार या जाणिवेच्या मुळाशी असतं, ते ‘पिएझो-२’, त्याचा शोध आर्डेम पटापुटियनच्या प्रयोगशाळेत २०१० साली लागला आणि २०२१च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. नाव आणि दार यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षं गेली. डोळे मिटले की अंधार होतो, कान झाकले की शांतता, पण ही जाणीव कशानंच झाकता येत नाही. म्हणून ती आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

मराठीत तिला जवळचा एक शब्द आहे: देहभान. पण आपण तो उलटा वापरतो. कीर्तनात, नाचात, प्रेमात देहभान हरपणं ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट. गंमत अशी, की ज्याचं देहभान खरोखरच हरपलं तो नाचू शकत नाही. नाचणाऱ्याचं देहभान जाग्यावर असतं, फक्त त्याला ते सांभाळावं लागत नाही. सांभाळावं न लागणं म्हणजे काय चैन असते, हेच या दोन्ही पुस्तकांचं मूळ.

सॅक्सला हा विषय परका नव्हता. १९७४ साली नॉर्वेतल्या डोंगरावर बैलापासून पळताना तो पडला, मांडीच्या स्नायूची कंडरा फाटली आणि पुढे बरेच दिवस तो पाय आपला आहे असं त्याला वाटेना. त्यावर त्यानं ‘अ लेग टू स्टँड ऑन’ लिहिलं. क्रिस्टिनाकडे तो हा अनुभव घेऊनच जातो. आणि सोबत विट्गेनस्टाइनला घेऊन जातो. हा माझा हात आहे, याबद्दल मला शंका येऊ शकते का? विट्गेनस्टाइननं हा प्रश्न ‘ऑन सर्टन्टी’मध्ये उलटसुलट तपासला. सॅक्सच्या लेखी क्रिस्टिना हे त्या प्रश्नाचं चालतंबोलतं रूप. तत्त्वज्ञ ज्या शंकेचा विचार करतो, त्या शंकेत ती राहते.

ही जोडणी झकास आहे आणि प्रकरण वाचताना ती डोक्यात लख्ख उजेड पाडते. सॅक्स दृश्यंही नेमकी निवडतो. आजारपणाआधीच्या घरगुती फिल्ममध्ये क्रिस्टिना स्वतःला मुलांशी खेळताना बघते आणि त्या चपळ बाईशी तिला नातं जोडता येत नाही. उघड्या गाडीतून जाताना चेहऱ्यावर, हातांवर वारा लागतो तेव्हा तिला आनंद होतो, कारण त्वचेचा हलका स्पर्श बराचसा शिल्लक आहे. तेवढ्यापुरतं शरीर परत येतं. बसमध्ये चढताना ती धडपडते तेव्हा लोक खेकसतात, कारण बाहेरून ती धडधाकट दिसते. आंधळ्या माणसाला काठी असते. तिचं न्यून कुणाला दिसतच नाही.

मग अडतं कुठे? सगळ्या दृश्यांचं तोंड एकाच दिशेला आहे. प्रत्येक दृश्य सांगतं, की ‘मी’पण शरीरावर उभं असतं आणि ते गेलं की ‘मी’ पोकळ होतो. क्रिस्टिनाची काही वाक्यं आपल्याला मिळतात, पण तीही बहुतेक या सिद्धान्ताची साक्ष म्हणून. तिच्या सावरण्याचे महिने पटकन उरकले जातात. शेवटी सॅक्सचा निवाडा येतो: वावरण्यात ती यशस्वी झाली, असण्यात नाही. हा निवाडा इतका सुरेख वाक्यांत येतो, की तो कुणी दिला आणि क्रिस्टिनाला तो मान्य होता का, हे विचारायचं आपण विसरतो. टॉम शेक्सपिअर या अपंगत्वाच्या अभ्यासकानं सॅक्सच्या त्याच पुस्तकाच्या नावावर कोटी करून टोला हाणला होता, की यानं पेशंटांनाच साहित्यिक कारकीर्द समजण्याची गफलत केली. टोला कडवट आहे आणि पूर्ण न्याय्यही नाही. सॅक्सला माणसांबद्दल खरी आस्था होती, ते पानोपानी दिसतं. पण क्रिस्टिनाच्या प्रकरणात आस्थेपेक्षा सिद्धान्ताचा हात वरचढ ठरतो, असं मला दुसऱ्या वाचनात वाटलं आणि तिसऱ्या वाचनात पटलं.

कोलच्या पुस्तकाचा नायक इयन वॉटरमन. १९७१ साली तो एकोणीस वर्षांचा होता, खाटकाचं काम करायचा. साध्या फ्लूसारखा ताप आला. त्याविरुद्ध लढताना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनं, असं डॉक्टर मानतात, स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला केला आणि मानेखालचे ते जाड तंतू गेले. कायमचे. स्पर्श गेला, देहभान गेलं. वेदना आणि गरम-थंड उरलं, ताकदही उरली. बिछान्यावर पडलेला असताना त्याला बिछाना जाणवेना. आपण तरंगतोय असं वाटे.

आता कोल काय करतो बघा. इयननं बसायला कसं शिकलं, हे तो सांगतो. कोणता स्नायू आधी, मान कधी, नजर कुठे, हे सगळं. आपण उठून बसतो तेव्हा यातलं काहीच ठरवत नाही. इयनला प्रत्येक पायरी शोधून काढावी लागली, मनात रचावी लागली आणि डोळ्यांनी बघत अमलात आणावी लागली. पहिल्यांदा तो उठून बसला तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की क्षणभर विचार थांबला आणि तो धाडकन मागे पडला.

ही एक घटना मला सॅक्सच्या सगळ्या प्रकरणापेक्षा जास्त काही सांगून गेली. देहभान नसणं म्हणजे काय? तर आनंद होणंसुद्धा न परवडणं. यात विट्गेनस्टाइन नाही, रूपक नाही. बसण्यासाठी लागणारं लक्ष आणि आनंदासाठी लागणारं लक्ष एकाच थैलीतून येतं, एवढा हिशेब आहे.

पुस्तकभर हा हिशेब चालतो. चालताना इयन जमिनीकडे आणि पायांकडे बघतो, म्हणून चालता चालता विचारांत हरवणं त्याला शक्य नाही. शिंक आली तर थांबावं लागतं. नुसती सर्दी झाली तरी बिछान्यात राहावं लागतं, कारण डोकं जड झालं की शरीर चालवायला लक्ष उरत नाही. दिवे गेले की तो कोसळतो. हातात ठेवलेल्या वजनांतला फरक तो ओळखू शकतो, पण हात किती हलला ते बघून. डोळे मिटले की अंदाज ढासळतो. व्हीलचेअर सुटणार नाही असं धरून चालले होते, तो माणूस चालायला लागतो, नोकरी करतो, लग्न करतो. पुस्तकाच्या नावातली ‘रोजची मॅरेथॉन’ ती ही.

कंटाळा येतो का वाचताना? थोडा येतो. कोल सॅक्ससारखा लिहीत नाही. काही पानं केस-पेपरसारखी कोरडी आहेत, तीच गोष्ट पुन्हा येते. पण तो कंटाळा मला खरा वाटला. इयनचा दिवसही तसाच पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींचा होता. सॅक्सनं जे उरकलं त्यालाच कोलनं गोष्ट मानलं. ‘ती स्वयंपाक कसा करायची’ हा माझ्या मित्राचा प्रश्न कोलला बाळबोध वाटला नसता.

इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं. दोन्ही पुस्तकं वाचताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हेच, की सेन्सर बंद पडलाय, फीडबॅक लूप तुटलाय, मग कॅमेऱ्यावरून काम चालवायचं. उपमा चुकीची नाही. पण तिच्यात एक लबाडी आहे. आमच्याकडे एक इनपुट बंद पडलं आणि दुसरं लावलं, की कोड पुन्हा आपोआप चालतो, आणि आम्ही दुसऱ्या तिकिटाकडे वळतो. इयनचं तसं झालं नाही. दशकं गेली तरी त्याला दुसऱ्या तिकिटाकडे वळता आलं नाही. त्याचा ‘प्रोग्राम’ कोण चालवत होतं? तोच, हातानं, दर सेकंदाला. सेन्सरच्या उपमेत हे कष्ट दिसत नाहीत, आणि सॅक्सच्या विट्गेनस्टाइनमध्येही नाहीत. दोन्ही उपमा हुशार माणसांना आवडतील अशा आहेत. मला सॅक्स इतका का आवडला होता, ते इथे कळलं.

तरी कोललाही मोकळं सोडता येत नाही. ‘प्राइड’, म्हणजे अभिमान, हा शब्द नावातच आहे. पुस्तक मिटताना आपण इयनच्या जिद्दीला सलाम करतो आणि नकळत असं धरून चालतो, की जिद्द असली की भागतं. क्रिस्टिनाची शोकांतिका झाली, इयनची विजयगाथा होता होता राहिली. विजयगाथेत न बसणारी माणसं मग कमी जिद्दीची ठरतात. इयन एकोणीस वर्षांचा होता, स्नायू ताजे होते, डोळे उत्तम होते, वेदनेची जाणीव शाबूत होती. हे त्याचं कर्तृत्व नव्हे. कोलला याचं भान आहे, पण पुस्तकाचा सूर कधी कधी ते विसरतो.

त्याच्या बाजूनं मोठी गोष्ट ही, की त्यानं शेवटचा निवाडा दिला नाही. दार उघडं ठेवलं आणि माणूस सोडला नाही. २०१६ साली त्यानं इयनवर दुसरं पुस्तक लिहिलं, ‘लूझिंग टच’. मधल्या काळात बरंच काही घडलं होतं. बोलताना होणाऱ्या हातवाऱ्यांचे अभ्यासक डेव्हिड मॅक्नील यांनी इयनला त्याचे हात दिसणार नाहीत असा आडोसा लावून बोलायला सांगितलं. अशा वेळी हातानं एखादी वस्तू उचलणं इयनला जमत नाही. पण बोलताना मात्र त्याचे हात शब्दांच्या तालावर हलत होते, न बघता. सॅक्सनं क्रिस्टिनाच्या आवाजाला आणि बसण्याला नटीची पोझ म्हटलं होतं, आतून रिकामी. इयनचे हातवारे बघितल्यावर असा निवाडा इतक्या लवकर द्यावा का, असा प्रश्न पडतो.

आणि एक गोष्ट, जी मला फार आवडते. सॅक्स आणि कोल हे काही प्रतिस्पर्धी नव्हते. कोलच्या पहिल्या पुस्तकाला प्रस्तावना सॅक्सची आहे. पुढे हे दोघं इयनला घेऊन नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरला गेले. तिथे डोळ्यांवर हेडसेट चढवून दूरच्या यंत्रमानवाचे हात चालवायचे होते. हात दिसतात, पण त्यांच्याकडून स्पर्शाची काही खबर येत नाही. थोड्याच मिनिटांत तिघांनाही ते लोखंडी हात स्वतःचे वाटू लागले. सॅक्स आणि कोल यांच्यासाठी हा नवलाचा अनुभव. इयनसाठी? फक्त बघून हात चालवणं तर तो १९७१पासून करत होता. त्या खोलीत अनुभवी माणूस एकच होता, आणि तो डॉक्टर नव्हता.

आता माझ्या घरातली ती चूक.

माझी आजी मिरजेला असते. तिला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. त्यात लांबलचक मज्जातंतू आधी खराब होतात, म्हणून पायांपासून सुरुवात होते. “तळव्याखाली कापूस ठेवल्यागत वाटतं गं,” असं ती म्हणते. चप्पल पायातून निसटते आणि तिला चार पावलं गेल्यावर खाली बघितलं की कळतं. सॅक्स वाचल्यावर मी हे सगळं एका नव्या उत्सुकतेनं ऐकत होते. तिला विचारत होते, “आजी, पाय तुझे आहेत असं वाटतं का गं?” ती म्हणायची, “माझे नाहीत तर काय शेजारणीचे?”

तिच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या बोळातला दिवा ती रात्रभर चालू ठेवायची. घरातले सगळे तिला त्यावरून बोलायचे. बिल येतं, झोपेत डोळ्यांवर उजेड येतो. मागच्या दिवाळीत मी घरी गेले होते. रात्री पाणी प्यायला उठले आणि परत येताना सवयीनं दिवा बंद केला. पहाटे आई उठली तेव्हा आजी बोळात भिंतीला टेकून बसलेली होती. पडली नव्हती. अंधारात पाय कुठे पडतोय ते कळेना, म्हणून भिंत धरून खाली बसली आणि उजाडेपर्यंत तशीच राहिली. हाक का मारली नाहीस, विचारलं तर म्हणाली, “तुम्ही सगळी दमलेली. आणि उजाडणारच होतं की.”

मी तेव्हा कोलचं पुस्तक अर्ध्यावर आणलं होतं. दिवे गेल्यावर इयन कोसळतो हे मी वाचलेलं होतं. क्रिस्टिनावर तर तास-तास बोलले होते. आणि तरी तो दिवा कशासाठी आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. कारण मी विचारत होते ते प्रश्न सॅक्सचे होते: तुला काय वाटतं, तुझं ‘मी’पण कुठे आहे? रात्री बाथरूमपर्यंत कशी जातेस, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

सॅक्स वाचू नका असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच्यामुळेच मी या विषयाच्या दारात पोचले, आणि त्याच्या वाक्यांसारखी वाक्यं कोलला सात जन्मांत जमणार नाहीत. पण दारात उभं राहूनच परत फिरू नका. क्रिस्टिना वाचलीत तर इयनही वाचा, कंटाळा आला तरी.

पुण्याला परतल्यावर मी आजीसाठी माणूस हलला की लागणारा सेन्सरचा दिवा ऑनलाइन मागवून पाठवला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. आठवड्यानं फोन केला तर तो काढून ठेवला होता.

“चांगला आहे गं,” आजी म्हणाली. “पण मी हलल्यावर तो लागतो. मला हलायच्या आधी दिसायला हवं.”

आता तिथे झिरोचा बल्ब आहे. रात्रभर चालू असतो.